सीपीयू वाटप धोरण

सीपीयू वाटप धोरण : एकाच सर्व्हरवरच्या अनेक कामांपैकी कोणाला प्रोसेसरचा (सीपीयूचा) किती वेळ द्यायचा, हे आधी ठरवून ते ऑपरेटिंग सिस्टिमकडून पाळून घेण्याची पद्धत.

जळगावातली एखादी डाळ मिल डोळ्यासमोर आणा. सर्व्हर एक, बिलिंग त्यावर, हजेरी त्यावर, बॅकअपही त्यावरच. दुपारी गाड्या भरून उभ्या असताना बॅकअप सुरू झाला की बिल निघत नाही आणि ड्रायव्हर खोळंबतात. नवी मशीन घ्यायच्या आधी इथे वाटप तपासावे.

खानदेशाला ही रीत नवी नाही. पांझरा, मोसम या नद्यांवरच्या फड पद्धतीत बंधाऱ्याचे पाणी कालव्याने फडांना, म्हणजे शेतांच्या गटांना, मिळते. पाळी पंच ठरवतात, पाणी पाटकरी देतो. शेतकरी आपल्या हाताने चारी फोडत नाही. सर्व्हरवरचा पाटकरी म्हणजे शेड्युलर, ऑपरेटिंग सिस्टिममधला कामांना पाळी देणारा भाग. फरक एवढाच, की बंधाऱ्यावरून सांडलेले पाणी खालच्या गावाला तरी मिळते. प्रोसेसरचा रिकामा गेलेला क्षण कोणालाच मिळत नाही.

म्हणून वजन (गर्दीच्या वेळी कोणाला किती वाटा) आणि मर्यादा (प्रोसेसर रिकामा असला तरी न ओलांडायची कमाल) यांत गल्लत करू नये. लिनक्समध्ये वाटपाचे हे काम सीग्रुप, म्हणजे कामांचे गट करून त्यांना साधने वाटून देणारी सोय, करतात. गूगलच्या अभियंत्यांनी २००६ मध्ये ते सुरू केले आणि २००८ मध्ये ते लिनक्सच्या २.६.२४ या कर्नलमध्ये (गाभ्यात) आले. सीग्रुपच्या दुसऱ्या आवृत्तीत वजन १ ते १०,००० असते, न सांगितल्यास १००. बिलिंगला ४०० आणि बाकी दोघांना १००-१०० दिले, तर तिघेही भुकेले असताना बिलिंगला दोन-तृतीयांश वेळ मिळतो. रात्री बिलिंग थांबले की बॅकअपने सगळा प्रोसेसर खावा, कोणाची हरकत नाही.

मर्यादा मात्र आडमुठी. १०० मिलिसेकंदांच्या फेरीत ५० चा कोटा दिला आणि काम चार कोअरवर (प्रोसेसरमधल्या स्वतंत्र गणन-भागांवर) चार धाग्यांनी (एकाच वेळी चालणाऱ्या शाखांनी) धावले, तर चौघांचा वेळ एकत्र मोजला जाऊन साडेबारा मिलिसेकंदांतच कोटा संपतो. उरलेले साडेसत्याऐंशी काम ताटकळते, शेजारी कोअर मोकळे असले तरी. ‘सर्व्हर निम्मा रिकामा, तरी संथ का?’ या तक्रारीमागे अनेकदा हेच निघते. अनेक सर्व्हरवर कामे वाटून चालवणाऱ्या कुबरनेटिस या प्रणालीतल्या ‘लिमिट’चीही हीच गत. भाड्याने क्षमता विकणाऱ्याला मर्यादा हवीच. स्वतःच्या मिलमध्ये वजन पुरते.

विंडोज सर्व्हरमध्ये सिस्टिम रिसोर्स मॅनेजर हे साधन होते. प्रत्येक प्रोसेसला, वापरकर्त्याला किंवा सेशनला समान वाटा, अशी तयार धोरणे त्यात मिळत. एकूण भार ७० टक्क्यांवर गेल्याशिवाय ते हात घालत नसे, हे शहाणपणाचेच. २०१२ आर२ मध्ये ते काढून टाकले.

आता पुन्हा मिलकडे. तिथल्या बॅकअपचे भांडण पुष्कळदा प्रोसेसरसाठी नसतेच, डिस्कसाठी असते. तसे असेल तर सीपीयूचे वजन ४०० चे ४,००० केले तरी गाडी फाटकातच उभी राहणार.