काळ्या अस्वलाच्या शिकारीसाठी हँडगनच्या काडतुसाची निवड

उर्सस अमेरिकॅनस हे शास्त्रीय नाव असलेले उत्तर अमेरिकेतील काळे अस्वल रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तुलाने कायदेशीर मोसमात टिपताना कोणत्या मापाचे काडतूस घ्यावे आणि त्या काडतुसात कोणत्या घडणीची व वजनाची गोळी असावी, याविषयीचा हा निर्णय आहे. मराठीत बोलताना काडतूस आणि गोळी हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. या नोंदीत मात्र काडतूस म्हणजे पितळी पुंगळी, टोपी (आघाताने पेटून दारू पेटवणारा भाग), दारू व गोळी मिळून झालेला संपूर्ण नग, आणि गोळी म्हणजे नळीतून बाहेर पडून प्राण्यात शिरणारा फक्त धातूचा तुकडा, हा फरक काटेकोरपणे पाळला आहे, कारण निवडीतल्या बहुतेक चुका तो न पाळल्यानेच होतात. शिकारी काडतुसाचे माप विचारून घेतो, गोळी कशी आहे हे मात्र विचारत नाही. ही प्रथा मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतली आहे. कॅनडात काळी अस्वले विपुल असली तरी तेथे हँडगनने शिकार करण्यास परवानगी नाही. आणि भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने अस्वलांना संरक्षण असल्याने मेळघाट, चंद्रपूरकडच्या अस्वलांशी या विषयाचा काही संबंध नाही.

गोळीपुढचे काम : काळे अस्वल हे नावाप्रमाणे नेहमी काळेच असते असे नाही, पश्चिमेकडील डोंगराळ राज्यांत ते दालचिनी, तपकिरी किंवा पिवळसर रंगाचेही आढळते. पूर्ण वाढीचा नर साधारणपणे ६० ते २५० किलोग्रॅमचा असतो आणि मादी त्याहून बरीच लहान असते. १९९८ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात टिपलेला एक नर ८८० पौंड, म्हणजे सुमारे ३९९ किलोग्रॅम भरला होता, पण असा प्राणी अपवादच समजावा. वजनापेक्षा महत्त्वाची आहे ती शरीराची ठेवण. दाट केस, त्याखाली जाड कातडे, आणि शिशिरनिद्रेच्या तयारीत शरद ऋतूत साठलेला चरबीचा थर. छोटे छिद्र पडले तर ही चरबी आत सरकून ते बुजवते आणि जे थोडे रक्त बाहेर येते ते केसांत मुरते. हरणाच्या बाबतीत गोळी लागल्यानंतर पाचोळ्यावर रक्ताचा माग स्पष्ट दिसतो. अस्वल मात्र जिव्हारी लागूनही शंभर पावले जाते आणि जमिनीवर जेमतेम दोन-चार थेंब सोडते, तेही बहुधा संध्याकाळच्या धूसर उजेडात. म्हणून अस्वलाच्या शिकारीत गोळीने दुसऱ्या बाजूने बाहेर पडावे ही अपेक्षा हौसेपोटी केलेली नाही. शिरतानाचे छिद्र मचाणावरून मारल्यास अंगाच्या वरच्या बाजूस असते. बाहेर पडतानाचे छिद्र खाली असते, आणि रक्त गळते ते तेथूनच.

याच कारणाने हँडगनकडे रायफलच्या दृष्टीने पाहणे चुकीचे ठरते. .३०-०६ रायफलची १८० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे ८२० मीटर वेगाने निघते आणि ३,९०० जूलच्या आसपास ऊर्जा घेऊन जाते. चार इंची नळीतून निघालेली .४४ मॅग्नमची (मापातला आकडा गोळीचा इंचांतील अंदाजे व्यास सांगतो, आणि मॅग्नम म्हणजे जास्त ताकदीचे काडतूस) २४० ग्रेनची नेहमीची गोळी सेकंदाला सुमारे ३६० मीटर वेगाने जाते आणि तिची ऊर्जा १,००० जूलच्या घरात असते. (एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम, अमेरिकेत गोळीचे वजन याच एककात छापतात.) रायफलच्या वेगवान गोळीमुळे आजूबाजूचे ऊतक क्षणभर जोराने ताणले जाऊन फाटते, हँडगनच्या वेगाला तसा परिणाम जवळजवळ होत नाही. तिची गोळी जेवढ्या वाटेने जाते तेवढीच वाट चिरडते. त्यामुळे ती वाट किती लांब, किती सरळ आणि किती रुंद, हे तीनच प्रश्न उरतात, आणि त्यांचा क्रमही हाच लावला पाहिजे. पाकिटावर छापलेला ऊर्जेचा आकडा या तिन्हींपैकी एकाचेही उत्तर देत नाही. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने हलकी व वेगवान गोळी कागदावर भारी दिसते आणि फऱ्याच्या हाडावर फुटून तेथेच थांबते.

गोळीची घडण : हँडगनच्या गोळ्यांचे या कामापुरते तीन वर्ग पुरेसे आहेत. पहिला वर्ग पोकळ टोकाच्या, तांब्याचे आवरण असलेल्या गोळ्यांचा. शरीरातील द्रवाच्या दाबाने टोक उमलून गोळी रुंद होते आणि त्याच प्रमाणात लवकर थांबते. माणसापासून स्वसंरक्षणासाठी विकल्या जाणाऱ्या बहुतेक गोळ्या या वर्गातल्या असतात. १९८६ मध्ये मायामीत गुन्हेगारांशी झालेल्या चकमकीनंतर एफबीआय या अमेरिकेच्या केंद्रीय तपाससंस्थेने गोळ्यांच्या चाचणीची जी पद्धत बसवली, तिच्यात मांसाच्या जागी वापरल्या जाणाऱ्या जिलेटिनमध्ये १२ ते १८ इंच खोली अपेक्षित धरली जाते, आणि त्यापलीकडे गोळी जाऊ नये असाच या गोळ्यांच्या रचनेचा हेतू असतो. मागून तिरके उभे असलेल्या मोठ्या अस्वलात शेवटच्या बरगडीकडून समोरच्या फऱ्यापर्यंतचे अंतर दीड-दोन फूट भरू शकते, आणि वाटेत हाड असते, जे जिलेटिनच्या ठोकळ्यात नसते. शिवाय केस व चरबी पोकळीत ठासून बसली तर टोक उमलेलच असेही नाही. .४४ मॅग्नम किंवा त्याहून मोठ्या मापात, जाड आवरणाची, शिकारीसाठी म्हणून बनवलेली पोकळ टोकाची गोळी आडव्या उभ्या असलेल्या मध्यम अस्वलावर उत्तम काम करते. स्वसंरक्षणाची गोळी मात्र, ती कितीही महाग असली तरी, या कामासाठी घेऊ नये.

दुसरा वर्ग कडक ओतीव शिशाच्या, रुंद सपाट टोकाच्या गोळ्यांचा. शिशात अँटिमनी व कथील मिसळून ती कडक केलेली असते. अशी गोळी बोटांत धरून पाहिली की तिची रचना लगेच ध्यानात येते : टोक निमुळते नसून नाण्यासारखे सपाट, कडा धारदार, बाजूला वंगणाची एक खोल खाच आणि कधी बुडाला तांब्याची पातळ टोपी, जी दारूच्या तप्त वायूंपासून शिशाचे बूड वाचवते. ही गोळी आत शिरल्यावर उमलत नाही आणि आकारही फारसा बदलत नाही. सपाट टोकामुळे ती मांसातून सरळ जाते, कारण गोल किंवा टोकदार गोळी आत गेल्यावर वळण्याची शक्यता अधिक असते. आणि तेच सपाट टोक ऊतक बाजूला न सारता कापत जाते. खोली व सरळ वाट यांत या वर्गाला तोड नाही. उणीव रुंदीची : लहान मापात तिची वाट अरुंद राहते, म्हणून कडक शिशाची शिफारस मोठ्या व्यासासाठी जास्त ठामपणे करता येते. तिसरा वर्ग संपूर्ण तांब्याच्या गोळ्यांचा. त्या उमलतात, पण पाकळ्या तुटत नाहीत आणि वजन जवळजवळ सगळे टिकते. तांबे शिशाहून हलके असल्याने त्याच वजनाची गोळी लांब होते आणि पुंगळीत दारूची जागा कमी उरते, ही त्यांची मर्यादा आहे.

वजनाचा विचार घडणीबरोबरच करावा लागतो. गोळीचे पौंडांतील वजन भागिले तिच्या इंचांतील व्यासाचा वर्ग या गुणोत्तराला सेक्शनल डेन्सिटी म्हणतात, आणि न उमलणाऱ्या गोळ्यांत खोलीचा अंदाज त्यावरून बऱ्यापैकी येतो. .४४ मॅग्नमच्या २४० ग्रेनच्या गोळीत हा आकडा ०.१८६ येतो, ३०० ग्रेनच्या गोळीत ०.२३३. .३५७ मॅग्नमच्या १५८ ग्रेनला तो ०.१७७ आणि १८० ग्रेनला ०.२०२ असतो. म्हणजे लहान मापातही जड गोळी घेतल्यास खोलीची उणीव बरीच भरून निघते.

मापे : .३५७ मॅग्नम १९३५ मध्ये आले आणि स्मिथ अँड वेसनच्या डग्लस वेसन यांनी त्याची ताकद पटवण्यासाठी त्यानेच मोठ्या प्राण्यांची शिकार करून दाखवली. ते दाखवणे जाहिरातीचे होते हे विसरता कामा नये. आज हे माप काळ्या अस्वलासाठी किमान मानले जाते, तेही १८० ग्रेनची कडक किंवा जाड आवरणाची गोळी, जवळचे अंतर आणि आडवा उभा प्राणी या अटींवर. आयडाहोतील पशुपालक व बंदूकविषयक लेखक एल्मर कीथ यांनी .४४ स्पेशल या जुन्या, मवाळ काडतुसाच्या पुंगळीत वर्षानुवर्षे जास्त दारू भरून, स्वतः आखलेली सपाट टोकाची जड गोळी वापरून जे प्रयोग केले, त्यांतून आणि त्यांच्या आग्रहातून १९५५ मध्ये .४४ मॅग्नम बाजारात आले. काळ्या अस्वलासाठी हेच माप सर्वांत समतोल आहे. २४० ग्रेनची शिकारी गोळी किंवा ३०० ग्रेनची कडक शिशाची गोळी, यांपैकी कोणतीही योग्य जागी बसली तर आणखी मोठ्या मापाची गरज पडत नाही. .४५४ कसूल, .४८० रूगर, २००३ मध्ये आलेले .५०० स्मिथ अँड वेसन मॅग्नम ही मापे निर्विवाद अधिक ताकदवान आहेत, पण त्यांचा हाताला बसणारा झटका इतका असतो की पुष्कळ नेमबाज चाप ओढण्याआधीच मनगट आवळतात आणि गोळी खाली जाते. ज्या मापाने पंचवीस-तीस मीटरवर सहाही गोळ्या बशीएवढ्या जागेत बसत नाहीत, ते माप त्या माणसासाठी मोठे आहे, मग पाकिटावर काहीही छापलेले असो.

अर्धस्वयंचलित पिस्तुलांत १९८३ चे १० मिमी. ऑटो हे एकच माप येथे गांभीर्याने घेतले जाते. त्यात एक फसगत आहे. एफबीआयने हे माप स्वीकारले तेव्हा झटका कमी व्हावा म्हणून दारू कमी केलेली काडतुसे बनवून घेतली, आणि तशा मवाळ भरणीची काडतुसे आजही पूर्ण भरणीच्या काडतुसांच्या शेजारीच, त्याच नावाने विकली जातात. पाकिटावरचे वजन आणि वेग दोन्ही वाचल्याशिवाय हे माप घेऊ नये. अस्वलासाठी २०० ते २२० ग्रेनच्या सपाट टोकाच्या गोळीचे, पूर्ण भरणीचे काडतूसच हवे.

हत्यार आणि काडतूस यांचे जुळणे : .४५ कोल्ट हे माप १८७३ पासूनचे आहे आणि त्याचा प्रमाण दाब १४,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) इतकाच आहे, तर .४४ मॅग्नमचा ३६,००० पीएसआय. आधुनिक मजबूत रिव्हॉल्व्हरसाठी .४५ कोल्टची कितीतरी जास्त दाबाची काडतुसे मिळतात आणि ती अस्वलावर .४४ मॅग्नमच्या तोडीची असतात. पण जुन्या नमुन्याच्या रिव्हॉल्व्हरमध्येही ती सहज बसतात आणि त्याचे सिलिंडर (काडतुसे ठेवायचा फिरता भाग) फोडू शकतात. .४५४ कसूलच्या हत्यारात .४५ कोल्टचे काडतूस चालते, उलट कधीच चालत नाही. पिस्तुलात प्रश्न वेगळा असतो : रुंद सपाट टोक नळीच्या तोंडाशी अडू शकते, आणि बहुकोनी आटे (गोळीला फिरवणारी नळीच्या आतली पिळदार ठेवण) असलेल्या नळीत आवरण नसलेले शिसे साचत जाऊन दाब वाढू शकतो, म्हणून उत्पादकाची सूचना पाहूनच कडक शिसे वापरावे.

जड गोळीच्या रिव्हॉल्व्हर काडतुसात पुंगळीची कडा गोळीच्या खाचेत घट्ट वळवलेली असावी लागते. ती सैल असेल तर प्रत्येक बाराच्या झटक्याने उरलेल्या काडतुसांतील गोळ्या थोड्या थोड्या पुढे सरकतात, आणि एखादी सिलिंडरच्या बाहेर डोकावली की सिलिंडर फिरायचेच थांबते. जखमी अस्वल समोर असताना याहून वाईट वेळ नाही. तपासण्याची रीत सोपी आहे. सहा काडतुसांपैकी एकावर शाईने खूण करावी, त्याची लांबी व्हर्नियरने मोजावी, ते सिलिंडरमध्ये ठेवूनच बाकीचे पाच बार काढावेत आणि मग तेच काडतूस पुन्हा मोजावे. लांबी वाढलेली दिसली तर ती काडतुसे मोसमात नेऊ नयेत.

शिकारीची रीत व कायदा : मेन व आयडाहोसारख्या राज्यांत आमिषावर शिकार चालते. शिकारी मचाणावर बसतो, अस्वल पंधरा-वीस मीटरवरच्या ठरलेल्या जागी येते, थांबते, आडवे होते. जवळचा पाय पुढे टाकेपर्यंत वाट पाहायला अवधी मिळतो आणि तो पाय पुढे गेला की फऱ्यामागची छाती उघडी पडते. हँडगनला याहून अनुकूल स्थिती नाही, आणि येथे उमलणारी गोळीही निर्धास्त वापरता येते. कुत्र्यांनी झाडावर चढवलेल्या अस्वलावर खालून वर मारावे लागते, तेव्हा खोलीला महत्त्व येते; दिवसभर कुत्र्यांमागे धावणाऱ्याला कमरेचे हत्यार सोयीचे पडते हेही खरे. कोलोरॅडोने १९९२ मध्ये आणि वॉशिंग्टनने १९९६ मध्ये लोकमताने आमिष व कुत्रे दोन्ही बंद केले. अशा राज्यांत पायी शोधून शिकार करावी लागते, अंतर वाढते, प्राणी कोणत्या कोनात मिळेल याचा भरवसा नसतो, आणि मग जड व खोल जाणारी गोळी हाच शहाणपणाचा पर्याय उरतो. समोरून डोक्यावर नेम धरणे कोणत्याही काडतुसाने टाळावे. कवटी उतरती आहे आणि मेंदू लहान.

कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी आहे. तेथे वर वाखाणलेली कडक शिशाची गोळी वापरताच येत नाही आणि संपूर्ण तांब्याची उमलणारी गोळीच घ्यावी लागते. या बंदीमागे मुख्यतः मृत प्राण्यांचे अवशेष खाऊन विषबाधा होणाऱ्या कॅलिफोर्निया काँडोर या गिधाडाची काळजी होती. पण अस्वलाचे मांस घरी नेणाऱ्याच्या ताटाशीही तिचा संबंध आहे : आवरणाची मऊ गोळी हाडावर आपटली की शिशाचे बारीक कण जखमेपासून दूरपर्यंत पसरतात, म्हणून अशी गोळी वापरली असल्यास जखमेभोवतीचे मांस हात न आखडता कापून टाकावे लागते, अखंड राहणाऱ्या तांब्याच्या गोळीने ते पुष्कळसे वाचते.