एकाच पानावरची बरोबर आणि चूक गणिते

चौथीतल्या एखाद्या मुलाच्या वहीत पहिली तीन हातच्याची गणिते अचूक असतात, चौथ्यात अधिकचे चिन्ह वजाचे समजलेले असते, पाचवे पुन्हा बरोबर येते आणि सहाव्यात हातचा मिळवायचाच राहून जातो. नाशिकमध्ये पंचवटीतली महापालिकेची शाळा असो वा गंगापूर रोडवरची इंग्रजी माध्यमाची, अशा पानाखाली ‘लक्ष देत नाही’ असा शेरा पडतो आणि घरी ‘येतं सगळं, पण करायचंच नसतं’ असे म्हटले जाते. एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणे आणि स्वतःला आवरणे अवघड जाण्याची अवस्था, असलेल्या मुलावर हा उघड अन्याय आहे. अशी मुले सगळीच कामे संथपणे करतात असे नाही. प्रयोगशाळेतील चाचण्यांत त्यांचा प्रतिसाद एका क्षणी चपळ, तर दुसऱ्या क्षणी फार उशिरा येतो आणि हा चढउतार इतर मुलांपेक्षा बराच मोठा असतो.

हा चढउतार समजून घेण्यासाठी मेंदूतील जाळी पाहावी लागतात. एकमेकांपासून दूर असलेले मेंदूचे भाग एकाच लयीत कमीजास्त सक्रिय होत असतील, तर त्यांचे मिळून एक जाळे मानले जाते. एमआरआय स्कॅनरमध्ये स्वस्थ पडून राहिलेल्या माणसाच्या मेंदूतही ही लय असते, हे भारतीय वंशाचे संशोधक भारत बिस्वाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवून दिले. अमेरिकेतील मार्कस रेचल यांच्या गटाने २००१ मध्ये विश्रांतीच्या वेळी सक्रिय असणाऱ्या आणि काम हाती घेताच मंदावणाऱ्या भागांचे वर्णन केले. ‘डिफॉल्ट मोड नेटवर्क’ या नावाने ओळखले जाणारे हे जाळे आठवणी, पुढचे बेत आणि स्वतःविषयीचे विचार यांच्याशी निगडित आहे. गणित सोडवताना ते शांत व्हावे आणि लक्ष एकवटणारी जाळी पुढे यावीत, अशी सर्वसाधारण रीत आहे.

एडीएचडीमध्ये हे शांत होणे अपुरे राहते आणि मधूनच उसळणारे विश्रांतीचे जाळे हातातल्या कामात अडथळा आणते, असे गृहीतक एडमंड सोनुगा-बार्क आणि झेवियर कॅस्टेयानोस यांनी २००७ मध्ये मांडले. त्याला पाठबळ देणारा एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या छोट्या अभ्यासात एडीएचडी असलेल्या मुलांचे हे जाळे औषधाविना, कमी बक्षिसाच्या वेळी पुरेसे मंदावले नाही; बक्षीस वाढवताच मात्र ते मंदावले. मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीवरचे औषध दिल्यावर बक्षीस लहान असो वा मोठे, त्यांच्यात आणि इतर मुलांत फरक उरला नाही. ‘मोबाइलवर दोन तास बसतो, मग अभ्यासालाच काय होतं?’ या पालकांच्या नेहमीच्या प्रश्नाला यातून काही अंशी उत्तर मिळते. खेळात दर काही सेकंदांनी बक्षीस मिळते, पाढे लिहिताना ते मिळत नाही. म्हणूनच काम लहान तुकड्यांत देणे आणि लगेच शाबासकी देणे याला लाड समजू नये.

वाढीचा वेगही वेगळा असतो. फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एडीएचडी असलेल्या २२३ मुलांची तेवढ्याच इतर मुलांशी तुलना केली. मेंदूच्या बाह्यकातील, म्हणजे बाहेरच्या थरातील, निम्म्या बिंदूंची जाडी कमाल होण्याचे मध्यक वय इतर मुलांत साडेसात, तर एडीएचडी असलेल्यांत साडेदहा वर्षे होते. वाढीचा क्रम साधारण तोच होता. सर्वाधिक उशीर कपाळामागच्या, म्हणजे आवर घालणाऱ्या आणि नियोजन करणाऱ्या भागांत दिसला.

हे वाचून कोणी पालक मुलाचा एमआरआय काढायला धावू नयेत, ही कळकळीची विनंती आहे. वरील सर्व फरक गटांच्या सरासरीतले आहेत आणि एकट्या मुलाच्या चित्रावरून काही ठरवता येत नाही. २०११ मध्ये ‘एडीएचडी-२००’ या स्पर्धेत नऊशेहून अधिक मुलांच्या व तरुणांच्या स्कॅनवरून निदान ओळखण्याचे आव्हान होते. तेव्हा मेंदूची चित्रे बाजूला ठेवून वय, लिंग, बुद्ध्यंक अशा साध्या माहितीवर विसंबलेल्या चमूचे अंदाज सर्वांत अचूक ठरले. त्यात आणखी अडचण अशी की, स्कॅनरमध्ये डोके मिलिमीटरभरापेक्षा कमी हलले तरी जाळ्यांचे मोजमाप बिघडते, आणि चुळबुळ हे तर या मुलांचे लक्षणच आहे.

निदान आजही मुलाच्या वागण्याच्या सविस्तर इतिहासावरूनच होते. लक्षणे किमान सहा महिने टिकलेली, बारा वर्षांच्या आत सुरू झालेली आणि घर व शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसणारी असावी लागतात. कमी ऐकू येणे, अपुरी झोप, चिंता, वाचन-लेखनाची अक्षमता हीही कारणे तपासावी लागतात. त्यामुळे सुरगाणा किंवा पेठहून दिवसाची मजुरी बुडवून नाशिकला डॉक्टरांकडे येणाऱ्या आईवडिलांनी शिक्षकांचे लेखी निरीक्षण आणि मुलाच्या वह्या सोबत आणाव्यात. निदानासाठी स्कॅनच्या फिल्मपेक्षा त्यांचाच उपयोग अधिक होतो.