हृदयविकाराचा नकाशा आणि मूत्रपिंडातल्या चाळण्या

हृदयविकार हे खाऊनपिऊन सुखी माणसाचं दुखणं, असं अजूनही सर्रास बोललं जातं. इंग्लंड-वेल्सचा नकाशा मात्र उलटं सांगतो. तिथं हृदयविकाराचे मृत्यू जास्त ते लँकेशायरसारख्या उत्तरेकडच्या गिरण्यांच्या भागात, आणि कमी ते सधन आग्नेयेत.

इंग्लंडमधल्या साउदम्प्टनचे साथरोगतज्ज्ञ डेव्हिड बार्कर यांनी १९६८ ते १९७८ मधल्या या मृत्यूंची तुलना त्याच भागांतल्या १९२१ ते १९२५ च्या अर्भकमृत्यूंशी केली. जिथं पूर्वी तान्ही बाळं जास्त दगावत होती, तिथंच पुढे हृदयविकारही जास्त होता. गरिबी तेव्हाही तिथंच आणि नंतरही तिथंच, मग नवल ते काय, असा आक्षेप आलाच. म्हणून बार्कर व्यक्तींच्या नोंदींकडे वळले. इंग्लंडच्या हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून परिचारिका नवजात बाळांची वजनं वह्यांत लिहीत होत्या. त्यांतल्या मुलग्यांचा मोठेपणी माग काढला, तेव्हा जन्मतः आणि वर्षाचे असताना हलके असलेले हृदयविकाराने जास्त दगावलेले दिसले.

हे घडतं कसं? पोटातल्या बाळाला अन्न-प्राणवायू कमी पडला, की रक्ताचा ओघ मेंदूकडे वळतो आणि मूत्रपिंडासारख्या अवयवांचा वाटा घटतो. मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म चाळण्या असतात, त्यांना नेफ्रॉन म्हणतात. एका मूत्रपिंडात सरासरी दहा लाखांच्या आसपास. गर्भारपणाच्या साधारण छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत जेवढ्या तयार होतील तेवढ्याच; पुढे जन्मभर एकही नवी बनत नाही. संख्या मुळात कमी असेल तर प्रत्येकीवर गाळण्याचा ताण वाढतो, दाबाने काही निकामी होतात, उरलेल्यांवर आणखी ताण येतो. या चक्रात रक्तदाब चढत जातो आणि त्याचा मार शेवटी हृदयाच्या धमन्यांना बसतो. अर्थात हा जोखमीचा एक धागा झाला. तंबाखूचा दोष जन्माच्या वजनावर ढकलता येणार नाही.

आपल्याकडे मात्र ‘बाळ मोठं झालं तर बाळंतपण अवघड जाईल’ म्हणून गरोदर सुनेला कमी जेवू घालणारी घरं आहेत, आणि गर्भसंस्काराच्या सीडी विकणाऱ्यांचंही बरं चाललंय. त्या बाईला पोटभर वरण-भात, पालेभाजी आणि दुपारची विश्रांती मिळते का, हे कोण विचारतं?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुणे परिसरातली आणि साउदम्प्टनमधली नवजात बाळं तोलली. इथलं सरासरी वजन २.७ किलो, तिथलं ३.५. पण आपल्या बाळांत कमतरता मुख्यतः स्नायूंची होती. त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. वेगळ्या एका अभ्यासात आपल्या बाळांच्या नाळेतल्या रक्तात इन्सुलिनही जास्त सापडलं; शरीर इन्सुलिनला पुरेशी दाद देत नसल्याची ती खूण असू शकते. मधुमेहाची वाट, आणि त्यामागून हृदयविकाराची, अडीच-पावणेतीन किलोच्या त्या देहात आखली जाऊ लागलेली असते.