जुन्या इलेक्ट्रिक बेस गिटारीचे वय आणि अस्सलपणा

इलेक्ट्रिक बेस गिटार कोणत्या काळात तयार झाली आणि तिचे किती भाग कारखान्यातून निघाले तसेच टिकून आहेत, हे ठरवण्याची पद्धत. यात वय आणि अस्सलपणा असे दोन प्रश्न आहेत. ते एकमेकांत मिसळले की खरेदी-विक्रीत भांडणे होतात. रंग आणि पिकअप (तारांची कंपने टिपणारे चुंबकी भाग) बदललेली १९६६ ची बेस १९६६ चीच राहते. उलट, सगळे भाग जुने असूनही ते चार वेगवेगळ्या गिटारींतून गोळा केलेले असू शकतात.

लिओ फेंडरने कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन येथे १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणली. तारेची लांबी ३४ इंच आणि नेक, म्हणजे तारा ताणलेला लांब दांडा, धडाला चार स्क्रूंनी बसवलेली. तपासणीतली सोय आणि फसवणुकीची संधी, दोन्ही या चार स्क्रूंमुळेच आहेत. ते काढले की नेक हातात येते आणि आतल्या खुणा वाचता येतात. तितक्याच सहज ती नेक दुसऱ्या धडावरही चढते.

सुट्या केलेल्या नेकच्या टाचेवर, म्हणजे धडात बसणाऱ्या टोकावर, फेंडरच्या कामगारांनी तारीख घातलेली असते, १९६२ पर्यंत बहुधा पेन्सिलीने आणि त्यानंतर रबरी शिक्क्याने. साठच्या दशकातल्या शिक्क्यात पहिला आकडा मॉडेलचा असतो, ५ म्हणजे प्रिसिजन आणि ७ म्हणजे जॅझ बेस. पुढे महिना व वर्ष, आणि शेवटी नेकच्या रुंदीचे अक्षर. ही तारीख नेक तयार झाल्याची आहे, गिटार जोडल्याची नव्हे. दोन्हींत काही महिन्यांचे अंतर पडणे नेहमीचे.

त्यापेक्षा बोलका साक्षीदार पिकगार्ड (धडावरचे संरक्षक झाकण) किंवा कंट्रोल प्लेटखाली (बटणांची पत्री) असतो. आवाज व टोन कमी-जास्त करणाऱ्या पॉटच्या पाठीवर कोरलेला आकडा भिंगातून वाचावा. १३७७६३३ असा आकडा असेल, तर १३७ हा सीटीएस कंपनीचा संकेत, ७६ म्हणजे १९७६ आणि ३३ हा त्या वर्षाचा आठवडा. ३०४ ने सुरुवात झाली तर पॉट स्टॅकपोलचा. पॉट मूळचा असेल, तर गिटार त्या आठवड्याच्या आधीची असू शकत नाही. नंतरची मात्र असू शकते. फेंडरने १९६६ मध्ये पॉटचा मोठा साठा घेतला होता आणि तो पुढची काही वर्षे वापरात राहिला. म्हणून १९६६ चा पॉट दिसला की गिटारही १९६६ ची, असे म्हणणारा घाई करतो.

पुण्यात हा पुरावा अनेकदा हरवलेला असतो, आणि त्यामागे कोणाची लबाडी असतेच असे नाही. १९९१ पूर्वी आयातीवर कडक निर्बंध होते, परदेशी सुटे भाग मिळणे दुरापास्त. ऐन गणेशोत्सवात ऑर्केस्ट्राच्या बेसचा पॉट खरखरू लागला, की वादक बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जाऊन रेडिओला लागणारा पॉट आणत असे. त्याचा दांडा ६ मिलिमीटरचा, तर अमेरिकन बटणाचे भोक पाव इंचाचे, म्हणजे सुमारे ६.३५ मिलिमीटर. त्यामुळे बटण डुगडुगते. मग दांड्याला कागदाची पट्टी गुंडाळलेली सापडते. असे बटण हाताला डुगडुगले, तर झाकण उघडण्याआधीच अर्धे उत्तर मिळते. बदललेला पॉट किंमत कमी करतो, पण गिटार खोटी ठरवत नाही. ती चालती राहावी म्हणून केलेल्या कामाला बनावटगिरी म्हणणे अन्यायाचे आहे.

आतले सोल्डरिंग मात्र नीट पाहावे. मूळ जोड निस्तेज झालेले असतात, नवे चमकतात. फेंडरच्या साठच्या दशकातल्या बहुतेक गिटारींत वायरीवर कापडी आवरण असते, प्लॅस्टिकचे नंतर आले.

रंगाची परीक्षा फसवी. फेंडरने १९६८ च्या सुमारास नायट्रोसेल्युलोज लॅकर सोडून पॉलियुरेथेन वापरायला सुरुवात केली. जुन्या लॅकरला बारीक तडे जातात, नव्या जाड थराचे टवके उडतात. पण फेंडरचे काही खास रंग ड्युपाँटचे मोटारींसाठीचे ड्यूको होते, आणि ड्यूको हा शब्द आपल्याकडच्या फर्निचर व गॅरेजवाल्यांनाही परका नाही. दुसऱ्यांदा मारलेला रंगही नायट्रोसेल्युलोजचाच असू शकतो. म्हणून रंग कशाचा आहे यापेक्षा तो कुठे पोचला आहे हे पाहावे. स्क्रूच्या भोकात उतरलेला रंग पुन्हा मारलेला असण्याचा संभव अधिक. नोटा तपासायच्या अतिनील दिव्याखाली नंतर केलेली डागडुजी वेगळ्या छटेची दिसते.

विक्रेता पहिल्यांदा पुढे करतो तो अनुक्रमांक. त्यावर सर्वांत शेवटी विश्वास ठेवावा. नेकप्लेट, म्हणजे तो क्रमांक असलेली धडामागची पत्री, चार स्क्रूंबरोबर निघते आणि कारखान्यातही प्लेटा क्रमाने वापरल्या जात नसत. १९६५ मध्ये फेंडर कंपनी सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीकडे गेली, त्यानंतर प्लेटवर मोठे एफ अक्षर आले. १९७६ च्या अखेरीस अनुक्रमांक हेडस्टॉकवर, म्हणजे नेकच्या खुंट्यांच्या टोकावर, गेला, आकड्यांच्या आधी एस हे अक्षर लावून. त्यामुळे १९७० ची म्हणून दाखवलेल्या गिटारीच्या हेडस्टॉकवर एसचा क्रमांक असेल, तर ती नेक तरी १९७० ची नाही.

जपानी बेसची गोष्ट सोपी. आयबानेझच्या १९७५ नंतरच्या जपानी क्रमांकात पहिले अक्षर महिन्याचे आणि पुढचे दोन आकडे वर्षाचे. एफ७८ म्हणजे जून १९७८. गिब्सनची मालक असलेल्या नॉर्लिनने १९७७ मध्ये आयबानेझच्या अमेरिकेतील वितरकावर दावा केला, तो हेडस्टॉकच्या आकारावरून. म्हणून कोणत्याही जुन्या जपानी गिटारीला ‘लॉसूट’ (दाव्यातली) म्हणून जास्त पैसे मागणे ही निव्वळ विक्रीची युक्ती आहे.

पुण्यातल्या जुन्या वाद्यांबरोबर बहुधा एक गोष्टही येते: कोरेगाव पार्कच्या रजनीश आश्रमातला कोणी परदेशी जाताना देऊन गेला. आश्रम १९७४ पासून आहे, त्यामुळे असे घडले नसेलच असे नाही. मात्र ही गोष्ट बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारातही ऐकू येते. कस्टमची पावती, वाजवतानाचे तारीख असलेले छायाचित्र किंवा दुरुस्तीचे बिल यांपैकी काही सोबत असेल, तरच तिची नोंद घ्यावी.

लाकूड पाहणे कायद्यासाठीही गरजेचे. फेंडरने साधारण १९६६ पर्यंत फ्रेटबोर्डला, म्हणजे नेकवरच्या बोटे दाबायच्या पट्टीला, ब्राझिलियन रोझवूड वापरले, पुढे भारतीय, म्हणजे सह्याद्रीत वाढणारे शिसवी. ब्राझिलियन रोझवूड १९९२ पासून साइट्स या दुर्मिळ वन्यजातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, त्यामुळे अशी बेस परवान्याशिवाय देशाबाहेर विकता येत नाही. पुरावस्तू म्हणून मात्र तिला अडवता येत नाही. १९७२ च्या कायद्याने त्यासाठी शंभर वर्षांची अट घातली आहे, आणि पहिली प्रिसिजन ती २०५१ मध्ये पूर्ण करील.