साल नाही, गाव नाही, प्रकाशक नाही: 'एन.डी.'च्या मागची गोष्ट

संदर्भसूची करताना डोक्याला खरा ताप होतो तो ज्या पुस्तकावर साल नाही, गाव नाही आणि प्रकाशकाचा पत्ताच नाही अशा पुस्तकांचा. मग कुणीतरी सिनियर सांगतो, अरे एन.डी. टाक (नो डेट, म्हणजे साल दिलेलं नाही) आणि मोकळा हो. टाकतो आपण. पण ही भानगड मुळात आली कुठून?

गंमत म्हणजे युरोपातलं सगळ्यात गाजलेलं छापील पुस्तक, गुटेनबर्गचं बायबल, त्यावरच साल नाही, गाव नाही, छापणाऱ्याचं नावही नाही. मग ते १४५५ च्या आसपासचं असं म्हणतात ते कशावरून, तर पॅरिसमधल्या प्रतीत हाइनरिख क्रेमर नावाच्या माणसाने रंगकाम आणि बांधणी संपल्यावर हाताने तारीख लिहून ठेवलीय, ऑगस्ट १४५६, म्हणजे छपाई त्याआधीची. छापणाऱ्यांचं नाव आणि तारीख दोन्ही छापलेली दिसतात ती १४५७ च्या माइन्झच्या स्तोत्रसंग्रहात, आणि तीही शेवटच्या पानावर.

आपल्याकडे पोथ्यांची रीतही तीच, कोणी कधी लिहिलं ते शेवटी, पुष्पिकेत. 'शके बाराशतें बारोत्तरें' ही ज्ञानेश्वरीच्या शेवटची ओवी आठवा, त्यात साल आहे, ज्ञानेश्वरांचं नाव आहे आणि लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचंही आहे! आजच्या कित्येक पुस्तकांपेक्षा चोख काम. फक्त शेवटचं पान फाटलं की सगळंच गेलं.

आणि दरवेळी माहिती चुकून राहते असंही नाही, मुद्दाम लपवलेलीही असते. सतराव्या शतकात राजाला किंवा चर्चला न आवडणारी पुस्तकं 'प्येर मार्तो, कोलोन' अशा नावाने निघायची आणि असा प्रकाशक कोलोनमध्ये कधी नव्हताच. म्हणून पानावर छापलंय ते डोळे झाकून उतरवणंही धोक्याचंच.

ग्रंथालयवाल्यांनी यावर लॅटिनमधली छोटी रूपं वापरली, सिने लोको म्हणजे गाव नाही आणि सिने नोमिने म्हणजे नाव नाही, त्याचंच एस.एल. आणि एस.एन. झालं. सोबत चौकटी कंसाची रीत, की जे पुस्तकावर नाही पण मी दुसरीकडून शोधून आणलंय ते कंसात. मला तर हा कंसच एन.डी.पेक्षा जास्त कामाचा वाटतो, कारण त्यात कुणीतरी शोधाशोध केल्याचं दिसतं. पुढे २०१० च्या आरडीए या ग्रंथालयांच्या नोंदीच्या नियमांनी लॅटिन काढून 'प्रकाशनस्थळ कळत नाही' असं सरळ भाषेत लिहायला सांगितलं, एमएलए या संदर्भ लिहिण्याच्या पद्धतीने २०१६ मध्ये नसलेल्या गोष्टींच्या खुणाच काढून टाकल्या, नाही तर नाही, पुढे चला, आणि एपीए या तशाच दुसऱ्या पद्धतीच्या २०१९ च्या आवृत्तीतून प्रकाशनाचं गावच गेलं, एन.डी. मात्र तिथे अजून आहे.

भारतात मोठा फरक पडला तो १८६७ च्या छापखाने आणि पुस्तक नोंदणीच्या कायद्याने. प्रत्येक पुस्तकावर मुद्रक आणि छपाईचं ठिकाण हवंच, प्रकाशित केलं असेल तर प्रकाशक आणि त्याचं ठिकाणही, असा त्यात नियम होता. पण पुस्तकावर काय छापायचं ते सांगणाऱ्या त्या कलमात सालाचा उल्लेखच नव्हता!! म्हणजे छापखान्याचा पत्ता अगदी गल्लीसकट आणि साल गायब, हे जुन्या मराठी पुस्तकात दिसलं तर नवल नको. तारीख, प्रती, किंमत हे सगळं सरकारी नोंदीत जायचं आणि ती यादी दर तीन महिन्यांनी गॅझेटमध्ये यायची, त्यामुळे अडलं की तिथे बघायचं, नाहीतर शं. ग. दात्यांची मराठी ग्रंथसूची आहेच, १८०० ते १९३७ चा पहिला खंड. आणि साल असलं तरी शके असू शकतं, त्यात ७८ मिळवायचे, पण पुस्तक जानेवारी ते गुढीपाडवा या दिवसांत निघालेलं असेल तर ७९, इथे भलेभले एका वर्षाने चुकतात.

माझ्याकडे आरत्यांची एक पुस्तिका आहे, पहिलं पान गेलेलं. मागच्या कव्हरवर जुन्याच शाईत 'किंमत ४ आणे' आणि पत्त्यात नुसतं 'मुंबई ४', सहा आकडी पिनकोड नाही. पिनकोड आला १९७२ मध्ये, नवे पैसे आले एप्रिल १९५७ मध्ये. त्यामुळे मी एन.डी. न लिहिता कंसात लिहिलं: १९५७ पूर्वी, किमतीवरून. गाईडने त्यावर पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलं, मी कव्हरचा फोटो दाखवला, तेव्हा खोडलं.