हार्ट अटॅक, स्ट्रोक आणि रक्तवाहिनीतली सूज: ही उपचाराची कल्पना आली कुठून

हार्ट अटॅक येऊन गेलेल्या माणसाला कोल्चिसिन द्यायचं की नाही यावर गेल्या काही वर्षांत इतकी उलटसुलट उत्तरं आली आहेत की मागचा प्रवास माहीत नसेल तर डोकंच चक्रावतं. गाउट या सांधेदुखीवरचं, सूज कमी करणारं इतकं जुनं औषध हृदयाच्या पेशंटला का द्यावं, हे कळायला थेट १९व्या शतकात जावं लागतं.

त्या शतकाच्या मध्यात दोन मोठे पॅथॉलॉजिस्ट धमन्या कडक का होतात यावर भांडत होते, जर्मनीत रुडॉल्फ विर्खो आणि व्हिएन्नात कार्ल रोकितान्स्की. कडक झालेल्या धमन्या दोघांनीही शवविच्छेदनात पाहिलेल्या. रोकितान्स्कींचं म्हणणं असं की रक्तातले घटक भिंतीवर साठत जातात आणि सूज (म्हणजे इन्फ्लमेशन, शरीराच्या संरक्षण यंत्रणेची प्रतिक्रिया) ही नंतरची गोष्ट, तर विर्खो म्हणत होते की नाही, आजार भिंतीच्या आतच आहे आणि सूज हाच त्याचा गाभा आहे. तेव्हा हे तपासून बघायचं साधनच कुणाकडे नव्हतं, त्यामुळे वाद तसाच राहिला.

मग १९१३ मध्ये रशियात निकोलाय अनिच्कोव यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घातलं आणि त्यांच्या धमन्यांत माणसासारखेच थर तयार झाले. पुढे १९४८ मध्ये अमेरिकेत हृदयविकाराची कारणं शोधणारा फ्रेमिंगहॅमचा अभ्यास सुरू झाला, जपानमध्ये अकिरा एंडो यांच्या कामातून स्टॅटिन्सचा, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधांचा, रस्ता सापडला, आणि १९९४ मध्ये ४,४४४ पेशंटांवरच्या स्कँडिनेव्हियन चाचणीत सिम्व्हास्टॅटिनने मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाले. हे यश खरं होतं आणि आजही खरं आहे, कोलेस्टेरॉल काही निर्दोष वगैरे नाही. पण त्यामुळे झालं असं की धमनी म्हणजे नळ आणि कोलेस्टेरॉल म्हणजे त्यात साचणारा गाळ हे चित्र लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं, आणि विर्खोंचा मुद्दा मागे पडला.

तो परत वर आला तो पेशींच्या अभ्यासामुळे. १९७०च्या दशकात अमेरिकेत रसेल रॉस यांनी मांडलं की धमनीच्या आतल्या अस्तराला इजा होते आणि प्लाक (म्हणजे भिंतीत साठणारा थर) ही त्या इजेला शरीराने दिलेली प्रतिक्रिया असते. १९८०च्या दशकात स्वीडनमध्ये गोरान हान्सन यांना प्लाकमध्ये टी पेशी सापडल्या, म्हणजे चक्क इम्यून सिस्टीमचे सैनिक. बॉस्टनमध्ये पीटर लिबी आणि इतरांनी दाखवलं की प्लाकवरचं कोलॅजेनचं झाकण या पेशींमधून निघणाऱ्या एन्झाइममुळे पातळ होतं, ते फाटतं, तिथे गुठळी होते आणि अटॅक येतो. फारसं ब्लॉकेज नसलेल्या माणसालाही अचानक अटॅक कसा येतो ते इथे पहिल्यांदा नीट उलगडलं. १९९९ मध्ये रॉस यांनी अथेरोस्क्लेरोसिस, म्हणजे धमन्यांत प्लाक साठून त्या कडक होणं, हा सूजेचाच आजार आहे असं स्पष्ट लिहिलं.

आता ही सूज मोजायची कशी? इथे सीआरपी (सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन) कामाला आलं. हे प्रोटीन १९३० मध्ये न्यूमोनियाच्या पेशंटांच्या रक्तात सापडलेलं, हृदयाशी त्याचा काही संबंध आहे असं तेव्हा कुणाच्या मनातही नव्हतं. १९९७ मध्ये पॉल रिडकर आणि सहकाऱ्यांनी वरकरणी निरोगी डॉक्टरांचं आधीपासून साठवून ठेवलेलं रक्त तपासलं, तेव्हा ज्यांचं सीआरपी सगळ्यात वरच्या गटात होतं त्यांना पुढे हार्ट अटॅक येण्याचा धोका जवळपास तिप्पट आणि स्ट्रोकचा जवळपास दुप्पट निघाला. ॲस्पिरिनचा फायदाही याच गटाला सगळ्यात जास्त झाला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला खरा वळणाचा टप्पा हाच, कारण वर्षानुवर्षं आधी धोका सांगणारी खूण साध्या रक्ततपासणीत मिळाली.

पण खूण मिळणं वेगळं आणि कारण सिद्ध होणं वेगळं. २००८ च्या ज्युपिटर चाचणीत १७,८०२ लोक होते, सगळ्यांचं एलडीएल (म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल) १३० च्या खाली पण सीआरपी २ किंवा जास्त, आणि रोसुव्हास्टॅटिन या स्टॅटिनने अटॅक, स्ट्रोक वगैरे मिळून ४४ टक्के कमी झाले. झालं, आता सिद्ध झालं असं अनेकांना वाटलं, पण रोसुव्हास्टॅटिन कोलेस्टेरॉलही उतरवतं आणि सूजही, मग श्रेय नेमकं कुणाला द्यायचं? शिवाय जनुकांच्या अभ्यासातून कळलं की सीआरपी स्वतः आजार घडवत नाही, तो फक्त धूर आहे, आग वरच्या बाजूला इंटरल्युकिन-१ आणि इंटरल्युकिन-६ (पेशींमध्ये सूजेचा निरोप पोचवणारी प्रोटीनं) या साखळीत आहे.

मधल्या काळात अपयशंही भरपूर आली आणि ती विसरून चालणार नाही. क्लॅमिडिया जंतूमुळे सूज होत असेल म्हणून हजारो पेशंटांना अँटिबायोटिक्स देऊन पाहिली, फायदा शून्य. सूजेवरची नवी औषधंही चाचणीत पडली, डाराप्लाडिब पडलं, लोस्मापिमॉड पडलं. सूजेवरचं पेनकिलर रोफेकॉक्सिब तर २००४ मध्ये बाजारातून काढून घ्यावं लागलं, कारण त्याने हार्ट अटॅक आणि स्ट्रोक उलट वाढले. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतोय, कारण सूज कमी करणारी कुठलीही गोळी हृदयाला चांगली असा समज अजून खूप जणांचा आहे आणि तो धोक्याचा आहे. स्ट्रोकमध्येही तेच, पांढऱ्या पेशींना मेंदूत शिरण्यापासून रोखायला म्हणून एन्लिमोमॅब दिलं तर पेशंट आणखी बिघडले.

शेवटी २०१७ मध्ये कँटोस चाचणीचे निकाल आले. आधी अटॅक येऊन गेलेले आणि सीआरपी वाढलेले १०,०६१ पेशंट, आणि दर ३ महिन्यांनी कनाकिनुमॅबचं इंजेक्शन, जे फक्त इंटरल्युकिन-१ बीटाला अडवतं आणि एलडीएलला हातही लावत नाही. १५० मिलिग्रॅमच्या डोसमध्ये अटॅक, स्ट्रोक आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून १५ टक्के कमी. आकडा लहान वाटेल, पण विर्खोंच्या म्हणण्याला माणसांवरचा थेट पुरावा दीडशेहून जास्त वर्षांनी मिळाला तो हा. मात्र जीवघेणी इन्फेक्शन्स थोडी वाढली, एकूण मृत्यू कमी झाले नाहीत, औषध प्रचंड महाग, त्यामुळे हृदयासाठी ते मंजूर झालंच नाही. लगेच पुढच्या वर्षी मेथोट्रेक्सेट या सांधेवातावरच्या औषधाची चाचणी आली आणि काहीच फरक पडला नाही, पण त्यात इंटरल्युकिन किंवा सीआरपीही उतरलं नव्हतं, म्हणजे कुठली वाट अडवता यावर सगळं अवलंबून आहे.

मग पाळी आली कोल्चिसिनची, स्वस्त, गोळीत मिळणारं, एका कंदापासून निघणारं. पांढऱ्या पेशींची हालचाल ते मंदावतं, आणि कोलेस्टेरॉलचे स्फटिक पेशीतली जी यंत्रणा चेतवून इंटरल्युकिन-१ बाहेर काढायला लावतात तिलाही आवरतं. २०१९ मध्ये कोल्कॉट चाचणीत रोज ०.५ मिलिग्रॅमने अटॅक, स्ट्रोक वगैरे मिळून २३ टक्के कमी, २०२० मध्ये लोडोको-२ मध्ये ३१ टक्के. २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या संस्थेने, हृदयविकारासाठी मंजुरी दिली. आणि २०२४ मध्ये ७,०६२ पेशंटांच्या क्लिअर चाचणीत अटॅकनंतर लगेच सुरू करून काहीच फायदा दिसला नाही! स्ट्रोकमध्ये त्याच वर्षी कन्व्हिन्स चाचणीत १६ टक्क्यांची घट दिसली पण ती योगायोगापलीकडची आहे असं ठामपणे म्हणता आलं नाही, आणि चीनमधल्या ८,३४३ पेशंटांच्या चाचणीत ९० दिवसांत फरकच नाही.

याचा अर्थ मी असा लावतो की जुन्या, स्थिर झालेल्या हृदयविकारात कोल्चिसिनला जागा आहे, आणि स्ट्रोकसाठी पुरावा अजून पुरेसा नाही. स्वतःच्या मनाने तर ते अजिबात सुरू करू नये, किडनी अधू असेल किंवा सोबत क्लॅरिथ्रोमायसिन सारखं अँटिबायोटिक चालू असेल तर ते अंगात साठून विषारी ठरू शकतं. संशोधकांचं लक्ष आता इंटरल्युकिन-६ वर वळलंय, ते अडवणाऱ्या झिल्टिव्हेकिमॅबची झ्यूस ही मोठी चाचणी त्यासाठीच, धमन्यांच्या आजारासोबत किडनीचा आजार आणि वाढलेलं सीआरपी असलेल्या लोकांवर, म्हणजे ज्यांना कोल्चिसिन देताना सगळ्यात जास्त जपावं लागतं नेमक्या त्याच पेशंटांवर.