मिरजेचं गाणं छापणारी मासिकं: पार्श्वभूमी

सांगली-मिरजेत ज्या घरात कुणी संगीताच्या विशारद परीक्षेची तयारी करत असे, त्या घरात 'संगीत कला विहार' मासिकाचे जुने अंक हमखास सापडत. अंकाच्या मागच्या बाजूला एखाद्या रागाची बंदिश, म्हणजे तालात बांधलेली चीज, स्वरलेखनासह (सूर-ताल खुणांनी लिहून) छापलेली असे आणि त्या पानावर पेन्सिलीच्या खुणा असत. पुढच्या बाजूला कुणा बुवांची नाहीतर खाँसाहेबांची आठवण, एखादा वाद, परीक्षेची सूचना. आज गाणं शिकणाऱ्या मुलांना हे नाव सांगावं लागतं. एका संगीत मासिकाला अवघ्या क्षेत्रात एवढं वजन कसं आलं आणि ते कसं ओसरलं, याचे धागे मिरजेच्या आसपासच सापडतात.

पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांनी मुंबईत 'गायन समाज' काढला आणि 'संगीत दर्पण' नावाचं मासिक काही काळ चालवलं, हे मात्र फारसं कुणाला आठवत नाही. मुंबईची हवा न मानवल्याने ते मिरजेला आले आणि मुंबईतलं ते काम थांबलं. तरी बुवांसारख्या कसलेल्या गवयाला मासिक काढावंसं वाटलं, याला मी फार महत्त्व देतो. त्या काळी बंदिश ही घराण्याची ठेव होती. ती मिळवायची तर गुरूच्या घरी वर्षानुवर्षं पाणी भरावं लागे, आणि एवढं करूनही गुरूची मर्जी नसेल तर बंदिशीचा दुसरा भाग, म्हणजे अंतरा, हाती लागत नसे. अशा वातावरणात गाणं कागदावर उतरवून पैसे भरणाऱ्या कुठल्याही माणसाच्या घरी पोचवायचं, हा विचारच बंडखोर होता.

तो पुढे नेला बुवांच्याच शिष्याने. विष्णु दिगंबर पलुस्करांचा जन्म १८७२ मध्ये कुरुंदवाडला झाला. मूळ आडनाव गाडगीळ, मूळ गाव आपल्या सांगली जिल्ह्यातलं पलूस. लहानपणी फटाक्याने डोळे अधू झाले. उपचारासाठी मिरजेला आणलं, तिथे डॉ. भडभडे यांनी गाणं शिकण्याचा सल्ला दिला आणि मिरज संस्थानच्या आश्रयाने बाळकृष्णबुवांकडे तालीम सुरू झाली. १८९६ मध्ये ते मिरजेतून बाहेर पडले आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडलं. तिथून त्यांनी 'संगीतामृत प्रवाह' हे मासिक काढलं, स्वरलेखनाची पुस्तकं छापली, त्यासाठी स्वतःचा छापखाना घातला.

या छापखान्यावर थोडं थांबायला हवं, कारण संगीत मासिकाची खरी अडचण तिथेच होती. पलुस्कर पद्धतीत मंद्र सप्तकातल्या स्वराच्या डोक्यावर टिंब येतं, तार सप्तकातल्या स्वरावर उभी रेघ येते, कोमल स्वराच्या पायाशी हलन्तासारखी तिरकी खूण येते. त्याच्याही खाली मात्रांची चिन्हं: एका मात्रेला आडवी रेघ, अर्ध्या मात्रेला शून्य, पाव मात्रेला चंद्रकोर. तालाची पहिली मात्रा म्हणजे सम १ या आकड्याने दाखवायची, काल म्हणजे तालातली खाली अधिकच्या चिन्हाने. म्हणजे एका 'ग'साठी छपाईचे खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याला वर, मधे, खाली असे तीन थर बसवायचे. एक खिळा इकडचा तिकडे झाला की कोमल गंधाराचा शुद्ध गंधार होतो आणि राग बदलतो. बाहेरच्या छापखान्याला हे परवडणारं नव्हतं आणि समजणारंही नव्हतं. संगीतशास्त्रज्ञ वि. ना. भातखंड्यांची पद्धत याहून सुटसुटीत. कोमल स्वराखाली आडवी रेघ, मंद्राला खाली टिंब, तारेला वर टिंब. तीच पुढे जास्त पसरली, आणि छपाईला सोपी असणं हे त्याचं एक कारण असावं असं मला वाटतं. पण लयीचे बारकावे दाखवण्यात पलुस्कर पद्धत सरस आहे, हे माझं मत आजही कायम आहे.

विष्णु दिगंबरांनी १९०८ मध्ये मुंबईत विद्यालय काढलं, मोठी इमारत बांधली आणि ती कर्जापायी लिलावात गेली. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेतच त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी शिष्यांनी अहमदाबादला जमून अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. एका माणसाच्या उत्साहावर चाललेलं काम आता संस्थेकडे आलं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशी परीक्षांची उतरंड लागली, गावोगावी केंद्रं निघाली, आणि मंडळाचा कारभार पुढे मिरजेच्या ब्राह्मणपुरीतल्या गांधर्व निकेतनात स्थिरावला.

'संगीत कला विहार' हे या मंडळाचं मासिक. ते स्वातंत्र्याच्या सुमारास सुरू झालं आणि त्याला आकार दिला प्रा. बी. आर. देवधर यांनी. देवधरही मिरजेचेच, जन्म १९०१ चा. विष्णु दिगंबरांकडे शिकले, १९२५ मध्ये मुंबईत स्वतःची शाळा काढली, कुमार गंधर्व तिथेच घडले. पाश्चात्त्य आवाजशास्त्राचाही त्यांनी अभ्यास केला होता. पण संपादक म्हणून त्यांचं मोठेपण वेगळ्याच गोष्टीत आहे. घराण्यांच्या भिंती ओलांडून ते गवयांकडे जाऊन बसत, त्यांना बोलतं करत आणि ऐकलेलं लिहून काढत. बडे गुलाम अली खाँ असोत, अल्लादिया खाँ असोत किंवा मुंबईत फकिरीत राहिलेले सिंदे खाँ. कुणाचा रियाझ कसा होता, कुणी कुणाकडून चीज कशी मिळवली, कोण कुणावर का रुसलं, हे सगळं त्यांच्या लिखाणात येतं. पुढे 'थोर संगीतकार' या पुस्तकामुळे हे लिखाण सर्वदूर पोचलं. सिंदे खाँसारख्या माणसाची आठवण कुणी लिहून ठेवली नसती, तर आज त्यांचं नावही कुणाच्या तोंडी आलं नसतं.

मासिकाला वाचक मिळाला तो मात्र प्रामुख्याने परीक्षेमुळे. कोकणात, विदर्भात, कर्नाटकात क्लास चालवणारे शिक्षक आपापल्या गावात एकटे होते. त्यांना नवी बंदिश हवी असे, अप्रचलित रागाचं चलन, म्हणजे त्यातल्या स्वरांची चाल, हवी असे, अभ्यासक्रमातला बदल कळायला हवा असे. हे सगळं एका अंकात घरपोच मिळायचं. उत्तरेत हाथरसहून १९३५ पासून निघणारं 'संगीत' मासिक हेच काम हिंदीत करत होतं आणि आपल्याकडचे कितीतरी शिक्षक दोन्ही घेत. माझ्या मते या मासिकांचं सगळं अर्थकारण स्वरलेखनाच्या पानांवर उभं होतं. वर्गणी भरली जायची बंदिशीसाठी, आणि तिच्या पाठीवर बसून आठवणी, मुलाखती आणि वाद घरात यायचे.

रेडिओने या व्यवस्थेला धक्का लावला नाही, उलट बळ दिलं. १९५२ मध्ये आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, १९६३ मध्ये सांगलीला केंद्र आलं. शनिवारी रात्री ऐकलेला राग नंतर कागदावर पाहावासा वाटे, कारण तो पुन्हा ऐकायची सोय नव्हती. त्याआधीच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीत जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले आणि १९३७ मध्ये गेल्यावर ख्वाजा शमना मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात विसावले, पण त्यांचं घरी ऐकता येणारं गाणं तेवढ्या मिनिटांचंच. ऐकणं दुर्मीळ होतं तोवर छापील पानाला किंमत होती.

ती किंमत कॅसेटने उतरवली. ऐंशीच्या दशकात टेपरेकॉर्डर मध्यमवर्गीय घरांत पोचला. उरुसातली बैठक असो की रेडिओवरची मैफल, टेप करून दहादा ऐकता यायला लागली. गुरुजी स्वतःच चीज टेपवर भरून द्यायला लागले. पाव मात्रेची चंद्रकोर वाचत बसण्यापेक्षा कानाने उचलणं केव्हाही सोपं, आणि खरं तर गाण्याच्या जास्त जवळचं. म्हणून विद्यार्थ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पुढे गाईड आली, त्यात परीक्षेपुरत्या बंदिशी आणि प्रश्नोत्तरं एकत्र मिळू लागली. मग यूट्यूब आलं आणि एकेका बंदिशीची पाच-सहा रूपं फुकटात समोर आली. परीक्षेचे फॉर्म आणि परिपत्रकं संकेतस्थळावर गेली.

इथे जे नुकसान झालं ते मला मनापासून टोचतं. स्वरलेखनासाठी येणारा वर्गणीदार निघून गेला, तेव्हा आठवणी आणि मुलाखती वाचणाराही त्याच्याबरोबर गेला, कारण तो एकच माणूस होता. बंदिशीला पर्याय मिळाला, तोही आधीपेक्षा चांगला. पण गवयाकडे महिनोन्महिने बसून त्याच्या तालमीची हकीकत काढून घ्यायची, ती दुसऱ्या घराण्याच्या माणसाकडून पडताळायची आणि चार हजार शब्दांत छापायची, हे काम कुणी उचललं नाही. मोबाइलवरच्या मुलाखती भरपूर आहेत. त्यात गौरव असतो, उलटतपासणी नसते. देवधर आदर राखूनही खोदून विचारत, कारण ते स्वतः गाणारे आणि शिकवणारे होते.

मिरजेची सतार आणि तंबोरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा सतारमेकर गल्लीबद्दल खूप छापून आलं. भोपळा कुठून येतो, तारांना झणकार देणारी जवारी कशी काढतात, हे बाहेरच्यांना कळलं याचा आनंदच आहे. तेवढीच निकड या जुन्या अंकांची आहे. ते शिक्षकांच्या कपाटांत वर्षावर्षाचे बांधून पडलेले आहेत, कागद पिवळा पडून कडा तुटायला लागल्या आहेत. ते स्कॅन करणं पहिलं काम. त्यानंतर लेखक, कलाकार, राग आणि बंदिशीचा मुखडा (सुरुवातीचे शब्द) अशा चार अंगांनी सूची करायला हवी, कारण सूचीविना हजारो पानांत हवी ती आठवण सापडत नाही. आणि पलुस्करांची चिन्हं संगणकावर टंकित करण्यासाठी नीट फॉन्ट हवा. हे काम गाणं आणि संगणक दोन्ही जाणणाऱ्या, विशारद झालेल्या मुलामुलींना जमण्यासारखं आहे, आणि तशी मुलं सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत आज आहेत.